समुद्राचा पाठ, दुसऱ्यांदा

नियोजन

घटक: भरती-ओहोटी. इयत्ता: सातवी. साधने: लॅपटॉप, मोठा पॅनल, केबल, स्वतः तयार केलेलं ॲनिमेशन. छात्राध्यापक: भूपेश दोधू पाटील, बी.एड. दुसरं वर्ष, नंदुरबार.

पाठ टाचणात उद्दिष्टांचा रकाना असतो. भूपेशने त्यात पुस्तकातली वाक्यं उतरवली. विद्यार्थी भरती-ओहोटीची कारणं सांगतो, वगैरे. खरं उद्दिष्ट लिहायला रकाना नव्हता. ते असं होतं: माझ्या हातून एकही पोर मार खाणार नाही.

कुणालाही साधं वाटेल. पण तो दोधू गुरुजींचा मुलगा होता.

रनाळ्यात दोधू गुरुजींच्या ओट्यावर अजून जुने विद्यार्थी येतात. पाया पडतात आणि मग खुणा दाखवतात. कुणाची करंगळी वाकडी, कुणाच्या भुवईत टाक्यांची रेघ. रूपचंद आता पोलिसात हवालदार आहे. तो दर दिवाळीला येतो आणि शर्ट वर करून पाठ पुढे करतो.

"हाई देखा गुरुजी, तुम्हनी सही. अजून मिटेल नही."

गुरुजी चष्मा लावून बघतात, जसं एखादं जुनं प्रमाणपत्र बघावं. "तू पाढा चुकना व्हता."

"चुकना व्हतू. तुम्हीन मारं नसतं तर आज ढोरे चारतू." मग रूपचंद चहा आणणाऱ्या भूपेशकडे बघतो. "याले ते दुप्पट पडे."

दुप्पट पडायचं, हे खरं. भूपेश वडिलांच्याच वर्गात शिकला. गुरुजींनी पक्षपात केला असं कुणी म्हणू नये, म्हणून जी चूक इतरांना जेवढ्या छड्यांची, ती त्याला दुप्पट छड्यांची. गुरुजी मारत आणि वर्ग मोठ्याने मोजत असे. मोजण्यात जो चुकेल त्याचा नंबर पुढचा. एक हात सुजला की गुरुजी नुसती हनुवटी उचलत. त्याचा अर्थ, आता दुसरा.

भूपेशचं गणित असं: पोरांचे डोळे भटकतात म्हणून मास्तरचा हात उठतो. डोळे पडद्यावर बांधून ठेवले तर हाताला काम उरत नाही. म्हणून समुद्र. नंदुरबारच्या पोरांनी बहुधा तापी पाहिलेली असते, समुद्र नाही. त्याने चंद्र केला, पृथ्वी केली, पाण्याचा फुगवटा केला. पॅनलवर बोटाने चंद्र सरकवला की किनाऱ्यावरचं पाणी चढतं, चिखलात रुतलेल्या होड्या सुटतात, हलायला लागतात. होड्यांचा तो झोका बरोबर यायला त्याला कितीतरी संध्याकाळी लागल्या.

टाचणात पुढे:

शिक्षक कृती: चंद्र सरकवतो.
विद्यार्थी कृती: निरीक्षण करतात.

शिक्षक कृती: प्रश्न विचारतो.
विद्यार्थी कृती: अपेक्षित उत्तर देतात.

अध्यापन

खऱ्या शाळेत पाठवण्याआधी कॉलेजात सराव पाठ होतो. समोर मुलं नसतात, वर्गमित्रच सातवीची मुलं होऊन बाकांवर बसतात. भूमिका पाठाच्या मार्गदर्शक चेतना मॅडम वाटतात. तू हुशार. तू झोपाळू. तू खोडकर. आणि डोंगरसिंग, तू नेहमीचा.

नेहमीचा म्हणजे मराठी न येणारा मुलगा.

डोंगरसिंग पावरा धडगावच्याही वरच्या एका पाड्यावरचा. वय पंचवीस. मानसशास्त्राच्या पेपरात वर्गात पहिला. पण पाठ कुणाचाही असो, मराठी न येणारा मुलगा तोच व्हायचा, कारण मॅडमच्या मते ते त्याला नॅचरल जमायचं.

"मॅडम, आज मला हुशार करा की."

"बैस रे डोंगर. हुशारला कोणीही चालतं."

सगळे हसले. डोंगरसिंगही थोडा हसला आणि खिडकीजवळच्या बाकावर जाऊन बसला.

सबीहाने मोबाइल स्टँडवर लावला. प्रत्येक पाठाचं चित्रीकरण करायचं आणि ज्याचा पाठ त्याने ते स्वतः बघायचं, असा नियम होता. सबीहा नंदुरबारातल्याच गफूर टेलरची मुलगी. चित्रीकरण तिच्याकडे होतं, कारण तिचा हात हलत नसे.

"भूपेश सर, कॉलर नीट करा. एकीकडून दबलीय," ती म्हणाली. वर्गात सगळे एकमेकांना सर आणि मॅडमच म्हणायचे, आधी चेष्टेने, मग सवयीने.

पाठ सुरू झाला. पॅनलवर समुद्र आला. बाकांवरून एक लांब ओऽऽ निघाला, आणि तो अभिनय नव्हता. भूपेशने चंद्र सरकवला. पाणी चढलं. होड्या सुटल्या. जमतंय, त्याला वाटलं, हे जमतंय.

दुपार उतरली होती. पश्चिमेच्या खिडकीला पडदा नव्हता. ऊन सरकत सरकत पॅनलवर आलं. खिडकीजवळच्या बाकावरून बघणाऱ्याला आता नुसता पांढरा चौकोन दिसत होता.

डोंगरसिंग उभा राहिला आणि पावरीत, आपल्या घरच्या बोलीत म्हणाला: इथून काही दिसत नाही.

वर्गात पावरी कुणालाच येत नव्हती. हशा झाला.

"मराठीत बोल," भूपेश म्हणाला.

डोंगरसिंगने तेच वाक्य पुन्हा म्हटलं. तो मराठीत सांगू शकला असता. पण त्याला भूमिकेत दिलेल्या मुलाला मराठी येत नव्हती, आणि त्या दिवशी त्या मुलाला सोडून द्यायची त्याची इच्छा नव्हती.

"मराठीत."

तेच वाक्य. जरा मोठ्याने.

"बस खाली."

तो बसला नाही. तेवढ्यात खोडकर झालेल्या मुलाचा पाय केबलला लागला. समुद्र गेला. पॅनलवर निळा रंग आणि मधोमध लिहिलेलं, सिग्नल नाही. मग सगळ्यांनी सातवीच्या वर्गाने करावं ते केलं. बाक वाजवले. कुणीतरी कोंबड्यासारखं आरवलं. मॅडम मान खाली घालून निरीक्षण पत्रकात लिहीत होत्या. वर्गनियंत्रणाची कसोटी, त्यांच्या दृष्टीने चांगलंच झालं होतं.

भूपेशने केबल दोन्हीकडून उपसली. टोक फुंकलं, शर्टाला पुसलं. मग केबल हातात धरूनच तो खिडकीकडे चालू लागला. तिथून काय दिसतं ते बघायला गेलो होतो, असं त्याने नंतर सांगितलं. ते खरंही असेल.

डोंगरसिंगचा हात पुढे आला. तळवा वर.

त्याला कुणी तसं करायला सांगितलं नव्हतं. सहाव्या वर्षापासून तो आश्रमशाळेत होता. हातात काही घेऊन मास्तर जवळ आले की हात पुढे जायचा, आधी हात, नंतर समजायचं की का. आताही तसंच झालं. झाल्यावर त्याचं त्यालाच हसू येत होतं.

शिक्षक कृती: मारतो.
विद्यार्थी कृती: "एक."

सगळ्यांनी म्हटलं. एका सुरात. कुणाला शिकवावं लागलं नाही. हे सगळे जिल्ह्यातल्या कुठल्या ना कुठल्या वर्गात मोजतच मोठे झाले होते. हसत म्हटलं.

शिक्षक कृती: मारतो.
विद्यार्थी कृती: "दोन."

चेतना मॅडमनी वर बघितलं. भूमिकेत शिरलीत पोरं, त्यांना वाटलं. पत्रकात त्यांनी 'वास्तवदर्शी' असा शब्द लिहिला.

शिक्षक कृती: मारतो.
विद्यार्थी कृती: "तीन."

डोंगरसिंगच्या चेहऱ्यावरचं हसू अजून तिथेच होतं, फक्त त्यातून तो निघून गेला होता.

शिक्षक कृती: हनुवटी उचलतो.
विद्यार्थी कृती: दुसरा हात देतो.

"चार." थोडे आवाज कमी.

"पाच." दोघं-तिघं.

पुढचा आकडा कुणी म्हटलाच नाही. तो भूपेशने स्वतः म्हटला. वडिलांसारखा, शेवटचं अक्षर दातात धरून. त्याच्या पुढचाही. त्यानंतर तळव्याचा नेम राहिला नाही. केबल मनगटावर, खांद्यावर, मानेवर. केबलच्या टोकाला धातूचं चौकोनी तोंड असतं. ते डोंगरसिंगच्या कानाच्या पाळीत अडकलं आणि भूपेशने केबल मागे खेचली.

पाळी फाटली. भिंतीवर आणि खिडकीच्या गजांवर बारीक थेंब उडाले.

तेव्हा डोंगरसिंग त्या मुलातून बाहेर आला. त्याने डोकं खाली घातलं आणि भूपेशच्या तोंडावर आदळलं. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज पहिल्या बाकापर्यंत गेला. दोघं बाकांवर पडले, बाक उलटला. भूपेशने खालून त्याची करंगळी धरून मागे वाकवली. डोंगरसिंगने त्याच्या केसांना धरलं आणि डोकं फरशीवर आपटलं, एकदा, पुन्हा. दोघांच्या तोंडातून शब्द येत नव्हते, नुसता श्वास. झोपाळू झालेला मुलगा भिंतीला पाठ लावून उभा होता. खोडकर रडत होता. सबीहा स्टँड टाकून धावली आणि दोघांच्या मधली केबल तिने मुठीत धरून ओढली. केबल तिच्या तळव्यातून सरकली आणि कातडी घेऊन गेली.

मोबाइल उताणा पडून छत टिपत राहिला. आवाज मात्र सगळा आला.

प्रत्याभरण

पाठानंतर निरीक्षकांची, म्हणजे बाकांवरच्या वर्गमित्रांचीच, शेऱ्यांची पत्रकं गोळा करतात. काही जणांनी ती मार चालू असतानाच भरून टाकली होती. विद्यार्थ्यांचा सहभाग: उत्कृष्ट.

जिल्हा रुग्णालय. डोंगरसिंगच्या कानाला टाके, करंगळीच्या हाडाला चीर, दोन्ही तळव्यांना बँडेज. भूपेशच्या नाकात कापूस. सबीहाचा हात गुंडाळलेला. प्राचार्य आले. त्यांनी आधी डॉक्टरला बाजूला घेतलं, मग चेतना मॅडमना.

"अभिनय होता ना तो?" प्राचार्य म्हणाले. "अभिनयात थोडं पुढेमागे होतं. मॅडम, तुम्ही पत्रकात तसं लिहिलंयच. वास्तवदर्शी."

प्राचार्यांनी आवाज खाली आणला.

"ॲट्रॉसिटी लागेल. कॉलेजवर येईल. डोंगरसिंगशी तुम्ही बोला, तुमचं ऐकतो तो."

"माझं ऐकतो म्हणूनच तो त्या बाकावर बसला होता," मॅडम म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

मग दोधू गुरुजी आले. पांढरा शर्ट, खिशाला पेन. ते सरळ डोंगरसिंगच्या खाटेजवळ गेले, त्याचं बँडेज बघितलं, कान बघितला. जाणत्या माणसाने बघावं तसं.

"मास्तर व्हयनार शे ना तू? मंग इतलं ते चालस, पोऱ्या." आणि त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

डोंगरसिंगने बँडेजच्या हाताने तो हात उचलून बाजूला केला.

गुरुजी वळले आणि भूपेशच्या तोंडात मारली. मोडलेल्या नाकावर. कापूस उडाला. दुसरी मारली. भूपेशने हात वर केले नाहीत, मानही वळवली नाही. रक्त हनुवटीवरून शर्टात गेलं. आसपासचे रुग्णांचे नातेवाईक उभे राहून बघू लागले. गावात भांडण असं मिटवायची पद्धत आहे, ज्याला लागलं त्याच्या डोळ्यांसमोर आपल्या पोराला मारायचं.

"हाई घे," गुरुजी डोंगरसिंगला म्हणाले. त्यांना धाप लागली होती. "फिटी गयं?"

"गुरुजी," डोंगरसिंग मराठीत म्हणाला, स्वच्छ, अहवाल वाचावा तसं, "तुम्ही त्याला मारलंत. माझं काय फिटलं त्यात?"

"मंग काय जोयजे तुले?"

"चक्र पूर्ण करा."

गुरुजींना कळलं नाही. भूपेशला कळलं. बी.एड.ला पहिल्याच महिन्यात शिकवतात: पाठ घ्या, चुका ऐका, पुन्हा आखा, तोच पाठ त्याच वर्गापुढे पुन्हा घ्या. याला चक्र म्हणतात.

"तोच पाठ," डोंगरसिंग म्हणाला. "तोच वर्ग. मी त्याच बाकावर. त्याचा हात उठला तर मी तिथून सरळ पोलीस ठाण्यात जाईन. सबीहा मॅडमकडे चित्रीकरण आहे."

"आणि नाही उठला तर?" प्राचार्यांनी घाईने विचारलं.

"तर नाही जाणार."

नंतर व्हरांड्यात सबीहाने त्याला विचारलं, "का रे? आत्ताच जा ना. मी येते सोबत. अब्बाला सांगते, रिक्षा काढतील."

"आत्ता गेलो तर तो थोडे दिवस आत जाईल. मग बाहेर येईल आणि कुठल्या तरी शाळेत लागेलच. आमच्याकडे जागा रिकाम्याच असतात. धडगावला आला तर समोर माझे पुतणे असतील." त्याने कानाला हात लावायला हात उचलला आणि बँडेज बघून खाली घेतला. "मला बघायचंय त्याचं काय होतं."

भूपेशने चित्रीकरण बघितलं, नियम होता म्हणून. पहिल्यांदा आवाज बंद करून. त्यात त्याला मार दिसला, तो त्याला आठवत होताच. आठवत नव्हती ती हनुवटी. आपण हनुवटी उचलली होती हे त्याला माहीतच नव्हतं. पडद्यावर ती अगदी शांतपणे वर गेली, आणि पंचवीस वर्षांच्या माणसाने दुसरा हात दिला.

दुसऱ्यांदा त्याने आवाज लावला. पाचपर्यंत ऐकलं. पुढचा आवाज आपला आहे हे माहीत असूनही तो उठला आणि दार उघडून ओट्यावर वडील आहेत का ते बघून आला.

पुनर्नियोजन

घटक: भरती-ओहोटी. साधने: लॅपटॉप, पॅनल, केबल, ॲनिमेशन, आणि एक जाड चादर, खिडकीसाठी.

चादर मागायला तो आईकडे गेला. दगूबाई शेंगा फोडत होती. नाकाकडे बघून तिने डोळे खाली घेतले. या घरात सुजलेल्या तोंडाबद्दल विचारायची रीत नव्हती.

"शाळाले चादर कसाले?"

"ऊन येतं, आई. पडद्यावर चित्र दिसत नाही. चित्र दिसलं की पोरं गप बसतात, मारायची वेळ येत नाही."

दगूबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"तुन्हा बापबी असाच बोले," ती म्हणाली. "पहिलींदाव नोकरीवर गया तवय रेडिओ लई गयथा. म्हने, पोरेस्ले गाना ऐकाडसू, गोष्टी ऐकाडसू, कोनलेच माराव नही. माले सांगीसन गयथा. माले कितलं बरं वाटनं."

"मग?"

"मंग एक दिन रेडिओ बंद पडना."

ती पुन्हा शेंगा फोडू लागली. फट. फट. भूपेश चादर घेऊन उभा राहिला. वडिलांनीही ठरवलं होतं, हे त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. खुणा दाखवायला येणाऱ्यांनाही ते माहीत नसणार.

त्याने टाचणात एक नवा रकाना आखला.

सिग्नल गेल्यास —
शिक्षक कृती:

आणि तो रकाना भरता येईना. 'केबल तपासतो' लिहिलं, खोडलं. 'विद्यार्थ्यांना शांत राहण्यास सांगतो' लिहिलं, खोडलं. 'प्रश्न विचारतो', खोडलं. लिहिणाऱ्या हाताकडे त्याने बघितलं. बोटं पेनावर इतकी आवळलेली होती की नखं पांढरी पडली होती. हे सगळं हा हातच लिहीत होता, आणि हाताला त्यातलं काहीच करायचं नव्हतं.

पुनरध्यापन

तोच वर्ग. भिंत पुसली होती, गजांवरचे डाग राहिले होते. प्राचार्य आले नाहीत. चेतना मॅडमनी या वेळी कुणाला भूमिका वाटल्या नाहीत. सगळे आपोआप आपापल्या बाकांवर गेले. हुशार, झोपाळू, खोडकर. डोंगरसिंग खिडकीजवळ. सबीहाने गुंडाळलेल्या हाताने मोबाइल लावला. या वेळी तो तिला दोनदा सरळ करावा लागला.

भूपेशने खिडकीला चादर बांधली. समुद्र आला. कुणी ओऽऽ केलं नाही.

"चंद्र पाण्याला ओढतो," भूपेश म्हणाला. नाकामुळे आवाज डब्यातून आल्यासारखा. "समोर बघा. पाणी कुठे चढतंय?"

डोंगरसिंग उठला. बाकांमधून चालत आला. भूपेशच्या अगदी जवळून गेला, कान दिसेल इतक्या जवळून, खिडकीकडे परत वळला आणि त्याने चादर ओढून खाली पाडली. ऊन आत घुसलं. समुद्र पांढरा झाला.

कुणी हसलं नाही.

भूपेशने चादर उचलली, पुन्हा बांधली. डोंगरसिंगने पुन्हा पाडली. मग तो लॅपटॉपपाशी गेला आणि बँडेजच्या तळव्याने त्याने झाकण खाली दाबलं. पॅनल निळा झाला. सिग्नल नाही.

तो पावरीत काहीतरी म्हणाला. दिसत नाही, हे नव्हतं. दुसरंच काही होतं, लांब आणि सावकाश. कुणालाही कळलं नाही, पण कुणाला बोलतोय ते सगळ्यांना कळलं. बोलून झाल्यावर त्याने केबल दोन्हीकडून उपसली, भूपेशच्या हातात दिली आणि आपला हात पुढे केला. बँडेज सुटलेलं. तळव्यावर जांभळे पट्टे, मधे भेगा, भेगांत पिवळं.

"मार ना, मास्तर," तो आता मराठीत म्हणाला. "मराठी न येणारा पोरगा आहे. त्याने तुझा समुद्र बंद केला."

भूपेशची मूठ केबलवर आवळली. सगळ्यांनी ती बघितली. मोजणाऱ्यांचे ओठ मिटलेले होते. खांदा मागे गेला, किंचित. सबीहा स्टँड सोडून पुढे आली. भूपेशच्या नाकातून पुन्हा रक्त आलं, ते त्याच्या वरच्या ओठावर थांबलं. हनुवटी वर जायला निघाली. त्याला ती जाताना कळली. या वेळी कळली.

शिक्षक कृती: केबल टाकतो.
शिक्षक कृती: जमिनीवर बसतो.
शिक्षक कृती: दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांखाली घालतो आणि त्यांवर सगळं वजन टाकतो.

विद्यार्थी कृती:

"चंद्र," भूपेश खालून म्हणाला, "चंद्र पाण्याला ओढतो. आपल्याला दिसत नाही तेव्हाही. ज्या बाजूला चंद्र, त्या बाजूला."

डोंगरसिंगने केबल उचलली.

पहिला फटका पाठीवर बसला. "पाणी," भूपेश म्हणाला आणि श्वास तुटला. "पाणी चढतं. होड्या."

दुसरा मानेवर. चेतना मॅडम किंचाळल्या. भूपेश एका बाजूला कलंडला, पण हात मांड्यांखालीच होते. त्याने गुडघे जास्त आवळले.

"होड्या चिखलात असतात. त्या सुटतात."

तिसरा. चौथा. केबलचं धातूचं तोंड त्याच्या खांद्याचा शर्ट फाडून गेलं. आतलं मांस क्षणभर पांढरं दिसलं, मग भरून आलं. डोंगरसिंगचे दात दिसत होते. त्याच्या तळव्याच्या भेगा उघडल्या आणि केबल त्याच्याच रक्ताने निसरडी झाली, म्हणून त्याने ती हाताला एक वेढा देऊन नीट धरली. नीट धरण्यासाठी थांबला. एवढंच थांबला.

"सहा तासांनी," भूपेश म्हणाला, "पाणी परत—"

"पाच," डोंगरसिंग म्हणाला.

त्याने स्वतःच म्हटलं. मोठ्याने. शेवटचं अक्षर दातात धरून. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, वर्गातल्या कुणी म्हटलंही नव्हतं.

मारलेला फटका पूर्ण झाला, आणि मग त्याचा हात हवेत राहिला. तो त्या हाताकडे बघत होता. वेढा दिलेल्या केबलकडे. सबीहाने येऊन केबल धरली तेव्हा ती सोडवायला काहीच जोर लागला नाही.

पुनर्प्रत्याभरण

कुणी पत्रकं भरली नाहीत. भूपेशला उठवायला दोघं लागले. त्याचे हात इतके बधिर झाले होते की ते मांड्यांखालून दुसऱ्याने काढावे लागले, आणि काढल्यावर ते नुसते लोंबत राहिले. फरशीच्या खडीचे वळ बोटांवर उमटले होते. तो तोंडाने श्वास घेत होता.

"नाही उठला," तो म्हणाला. कुणाला म्हणाला ते कळलं नाही. "आज नाही उठला."

डोंगरसिंग खिडकीजवळच्या बाकावर जाऊन बसला होता. मग तो उठून चेतना मॅडमच्या टेबलापाशी आला. हात पाठीमागे बांधलेले.

"मॅडम, सोमवारी माझा पाठ आहे."

"हो."

"पुढे ढकला."

मॅडमनी डोळे पुसले. "ठीक आहे. किती पुढे?"

खाली पडलेली चादर उचलून तो खिडकीला बांधू लागला, पण त्याच्या बोटांना गाठ मारता येत नव्हती.